बालकाचा प्रश्न आणि गृहस्थाचा धर्म

श्रीमद्भगवद्गीता ७०० श्लोकांची आहे. पण ती एकाने सांगावी आणि दुसऱ्याने मुकाट्याने ऐकावी अशा रीतीने अवतरलेली नाही. ती संवाद आहे. अर्जुन विचारतो आणि भगवान सांगतात. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी तर भगवंतांच्या बोलण्याने आपली बुद्धी गोंधळून जाते, असे गाऱ्हाणेच अर्जुन मांडतो. त्यावर भगवान रागावत नाहीत. तोच विषय ते निराळ्या रीतीने उलगडून दाखवितात. अठराव्या अध्यायात सर्व सांगून झाल्यावर, विचार करून स्वतःच निर्णय घेण्याची मोकळीकही देतात. प्रश्न सहन करणे, उत्तर देणे आणि शिकणाऱ्याच्या बुद्धीवर विश्वास ठेवणे, हे शिकविणाऱ्याचे तीन धर्म यावरून स्पष्ट होतात. ज्या घरात गीतेचा नित्य पाठ होतो, त्या घरातील चार वर्षांच्या बालकाच्या वाट्याला हे तीन धर्म येतात काय, याचा विचार प्रत्येक गृहस्थाने करावा.

कठोपनिषदातील नचिकेत्याची कथा सर्वश्रुत आहे. पित्याने यज्ञात दान म्हणून आणलेल्या गाई म्हाताऱ्या, दूध आटलेल्या होत्या. ते पाहून बालकाच्या मनात श्रद्धा जागी झाली आणि ‘मला कोणाला देणार?’ असे त्याने विचारले. एकदा विचारले, दोनदा विचारले, तिसऱ्यांदाही विचारले. पिता संतापला आणि ‘मृत्यूला’ असे बोलून गेला. पुढे तीन रात्री यमाच्या दारी उपाशी राहिलेल्या त्याच बालकाचा यमाने आदर केला, त्याला तीन वर दिले आणि असा प्रश्न विचारणारा पुनःपुन्हा लाभावा, अशी इच्छा दर्शविली. ज्या प्रश्नशील वृत्तीने पित्याला क्रोध आला, तिनेच मृत्युदेवता प्रसन्न झाली! हा केवढा विरोध आहे!

या कथेत आणखी एक मर्म आहे. तिसरा प्रश्न ऐकताच यमाने नचिकेत्यापुढे हत्ती, घोडे, सुवर्ण, दीर्घ आयुष्य अशी नाना प्रलोभने ठेवली. ती परीक्षा होती. आजच्या घरातही हेच घडते. पण परीक्षा म्हणून नव्हे, सुटका म्हणून. मूल विचारते, ‘चंद्र आपल्याबरोबर का चालतो?’ वडील दमलेले असतात, आई कामात असते. मुलाच्या हाती मोबाईल दिला जातो आणि घर शांत होते. नचिकेत्याने प्रलोभन नाकारले; तीन वर्षांच्या बालकाला ते बळ कोठून असणार? चित्रे हलत राहतात, घास गिळले जातात आणि प्रश्न विरून जातो. असे शंभरदा झाले म्हणजे मूल विचारणेच सोडून देते. घराची ही हानी कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेला सल्लाही असाच आहे : एक वर्षापर्यंतच्या बालकाला पडद्यासमोर मुळीच बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसातून एका तासाहून अधिक वेळ बसवू नये, त्याहून कमी तितके बरे.

मग काय करावे? त्यासाठी द्रव्य लागत नाही. छांदोग्य उपनिषदात उद्दालकाने बारा वर्षे वेद शिकून आलेल्या श्वेतकेतूला वडाचे फळ फोडावयास लावले, पाण्यात मीठ विरघळवून त्याची चव घ्यावयास लावली. थोर झालेल्या पुत्राला जर परमतत्त्व फळाने आणि मिठाने शिकविता येते, तर बालकाला जग शिकविण्यास स्वयंपाकघर अपुरे कसे पडेल? तूर आणि मूग वेगळे करताना मूल वर्गीकरण शिकते. चिंचोके मोजताना अंक शिकते. रांगोळीचे ठिपके जोडताना आकृती शिकते. भातुकलीत ते पाहुण्याला आधी वाढते आणि मग स्वतः जेवते. तेथे अतिथिधर्माचा पहिला पाठ होतो. देवळाच्या पायऱ्या आजोबांचे बोट धरून मोजलेल्या असल्या, तर त्या जन्मभर विसरत नाहीत.

हे नवे मत नव्हे. गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून १९२० साली भावनगरात बालमंदिर उभे केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने ते पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेले. खडे, पाने, बिया हीच तेथील साधने होती. जी मुले गुरे सोडून येऊ शकत नव्हती, त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरली.

वाचनाविषयीही हेच. अक्षरओळखीची घाई नसावी. रात्री मूल मांडीवर असावे, पुस्तक दोघांच्या पुढे असावे आणि ‘पुढे काय झाले असेल?’ असे मध्येच विचारावे. तीच गोष्ट मुलाने दहाव्यांदा मागितली तर कंटाळू नये; गृहस्थ तरी गीता एकदाच वाचून थांबतो काय? इंदूर, बडोदे, हैदराबाद येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तर हे अधिकच जपावे. अंगणात मूल शेजारची भाषा आपोआप उचलते. घरची भाषा मात्र घरच्या बोलण्यावाचून कोण देणार?

‘वेळ नाही’ असे कोणी म्हणेल. परंतु येथे निराळा वेळ मागितलेला नाही. भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे, झाडांना पाणी देणे ही कामे चाललेलीच असतात. त्यांत बालकाला सोबत घ्यावे, इतकेच. काम थोडे लांबेल, थोडे पाणी सांडेल. तेवढे सोसणे हेच तप समजावे. उत्तर ठाऊक नसेल तर ‘मलाही ठाऊक नाही, आपण मिळून शोधू,’ असे निःसंकोच सांगावे. त्याने पित्याचा मान कमी होत नाही. मुलाला सत्यनिष्ठेचा धडा मात्र मिळतो. श्रेष्ठांचे आचरण पाहूनच इतर जन वागतात, ही गीतेची शिकवण घरात सर्वांत आधी लागू पडते, कारण बालकाच्या दृष्टीने आईवडिलांहून श्रेष्ठ कोणीच नसते.

यास्तव आज सायंकाळी देवापुढे दिवा लागला म्हणजे घरातील बालकाला जवळ बसवावे आणि त्याने जे विचारले त्याचे उत्तर उठून न जाता द्यावे. त्या दिवशीचा तोच स्वाध्याय होय.