पाच कारणे आणि एकटा आरोपी

काय करावयाचे ते ठाऊक असून, ते करण्याची इच्छा असून आणि बाहेरून कोणताही अटकाव नसूनही मनुष्याच्या हातून कार्याचा आरंभच होत नाही, तेव्हा दोष कोणाचा, हा प्रश्न जितका जुना तितकाच अवघड आहे. आणि समर्थांनी दासबोधात केलेला प्रयत्नाचा पुरस्कार व १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यातील कर्मयोग यांवर ज्या समाजाचे मन पोसले, त्या आपल्या समाजात त्याचा फैसला बहुधा चौकशीवाचूनच होतो. आरोपी एकच, तो म्हणजे आळशी कर्ता. अलीकडे एडीएचडी या अवधानविकाराचे नाव सुशिक्षितांच्या कानांवर आल्यापासून या फैसल्यास एक अपवाद मान्य झाला आहे. परंतु ते निदान ज्यास लागू पडत नाही, त्याची कैफियत अजूनही कोणी ऐकून घेत नाही.

वास्तविक गीतेचा अठरावा अध्याय याबाबतीत आपल्याहून पुष्कळ सावध आहे. कर्माच्या सिद्धीस अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे (इंद्रियादी साधने), नानाविध चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे लागतात असे सांगून, जो केवळ स्वतःसच कर्ता समजतो त्याची बुद्धी असंस्कृत होय, असा निर्वाळा तेथे दिलेला आहे. हा उपदेश यशाच्या अहंकारास उद्देशून आहे, हे खरे. पण ज्या न्यायाने घडलेल्या कर्माचे सारे श्रेय एकट्या कर्त्यास घेता येत नाही, त्याच न्यायाने न घडलेल्या कर्माचा सारा बोजाही त्याच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही, हे आपल्या प्रवचनकारांना सहसा सुचत नाही.

करण बिघडले म्हणजे काय होते, याचा सर्वांत दारुण पुरावा पहिल्या महायुद्धाच्या काळातील आहे. १९१७ साली व्हिएन्नातील कॉन्स्टँटिन फॉन एकोनोमो या वैद्याने मेंदूच्या ज्या विलक्षण दाहाचे वर्णन केले, त्याच्या साथीतून वाचलेल्यांपैकी अनेकजण पुढे वर्षानुवर्षे पुतळ्यासारखे बसून राहिले. त्यांना अर्धांगवायू झालेला नव्हता, बुद्धीही लोपलेली नव्हती. आपण होऊन हात उचलणे ज्यास साधत नसे, असा एखादा रुग्ण अंगावर फेकलेला चेंडू मात्र अचूक झेली. म्हणजे स्नायू शाबूत आणि जाणीवही शाबूत, केवळ हुकूम सुटणे आणि त्याची तामिली होणे यांमधला दुवा तेवढा तुटलेला. १९६९ साली न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात ऑलिव्हर सॅक्स यांनी अशा रुग्णांना एल-डोपा हे औषध दिले, तेव्हा दशकानुदशके न हललेली माणसे उठून चालू-बोलू लागली. इतक्या वर्षांत कोणत्याही उपदेशाने जे घडले नव्हते, ते थोड्या भुकटीने घडविले.

ही साथ ओसरली. पण डोक्यास बसलेला मार, मेंदूच्या अग्रभागातील रक्तस्राव, कंपवात, दीर्घकाळचे जागरण, खोल खिन्नता, थायरॉइडचे मांद्य, यांनीही तोच दुवा कमीअधिक शिथिल होतो. यांतील शेवटच्याचा पत्ता रक्ताच्या साध्या तपासणीने लागतो, आणि तरीही ती तपासणी होण्यापूर्वी कित्येक घरांत वर्षवर्षभर नीतिपाठ चालतात! पतंजलींनी योगमार्गातील नऊ अंतराय सांगताना व्याधी, चित्ताची अकर्मण्यता आणि आळस यांची गणना वेगवेगळी केली आहे. आपण ती तिन्ही एकाच खाती जमा करतो.

यावर कोणी म्हणेल, आळशी, विषादी व दीर्घसूत्री कर्त्यास गीतेनेच तामस म्हटले आहे, त्याची वाट काय? आक्षेप रास्त आहे, आणि प्रत्येक कुचराईस व्याधीची सनद देऊ नये, हेही मला मान्य आहे. परंतु ज्याची गात्रे शिथिल झाली, तोंड कोरडे पडले, हातातून धनुष्य गळाले, त्या अर्जुनास भगवंतांनी प्रथम धिक्कारूनच पाहिले होते, आणि त्यानंतरही ‘मी लढणार नाही’ असे म्हणून तो स्वस्थ बसला, ही गोष्ट त्या ग्रंथाचा हवाला देणारे विसरतात. धिक्कार संपल्यावरच गीता सुरू होते.

तरीही कर्ता सर्वस्वी करणांत विरून जातो काय? एल-डोपाने जागे झालेल्यांपैकी अनेकांची पुढे उलट दशा झाली. अनावर हालचाली, न थांबणारे बोलणे, भलत्या आकांक्षा. ज्यांची निश्चलता आपण क्षम्य ठरविली, त्यांच्या या उतावळेपणास तरी त्यांचे कर्तृत्व कसे म्हणावे? मात्र त्यांतील एका व्यासंगी रुग्णाने, ज्याने आरंभी त्या औषधाची मुक्तकंठाने स्तुती केली होती, अखेरीस ते आपणांस नको असे सॅक्स यांस कळविले. आणि पुन्हा निश्चल होण्याचे भवितव्य समोर दिसत असता केलेली ती निवड त्याच्या करणांनी केली असे मला म्हणवत नाही.