मूळ कथेचे ऋण आणि खेळाडूचा हट्ट

एखाद्या लेखकाने निर्मिलेल्या विश्वात इतरांनी वावरू लागावे, तर त्या विश्वाचे नियम त्यांनी कितपत पाळावेत, हा प्रश्न भाषांतर, नाट्यरूपांतर आणि चित्रपट यांच्या संदर्भात पुष्कळ चर्चिला गेला आहे. संगणकाच्या जाळ्यावर सहस्रावधी माणसे एकाच वेळी जे अद्भुतकथात्मक खेळ खेळतात, त्यांत मात्र त्याचे स्वरूप पालटते. वाचक कथेसमोर बसतो; खेळाडू कथेत शिरतो आणि तिथे काहीतरी करू पाहतो. त्याला पराक्रम हवा असतो, आणि तोही आज संध्याकाळीच.

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या कादंबरीवर आधारलेला ऑनलाइन खेळ टर्बाइन या अमेरिकन कंपनीने २००७ साली आणला. त्याच्या रचनाकारांपुढची पहिली अडचण मृत्यूची होती. अशा खेळांत खेळाडू दिवसातून दहा वेळा मरतो आणि उठून पुन्हा चालू लागतो. टॉल्किन यांच्या सृष्टीत तर मृत्यू हा गाभ्याचा विषय. तिथून परतणे हे अपवादातील अपवाद. परीकथांविषयी १९३९ साली दिलेल्या व्याख्यानात कल्पित विश्वाच्या आंतरिक सुसंगतीचा आग्रह धरणाऱ्या लेखकाच्या सृष्टीत हे पुनरुत्थान रोजचे कसे करावे?

रचनाकारांनी काढलेला मार्ग विलक्षण होता. या खेळात योद्ध्याचा ‘जीव’ मोजलाच जात नाही. मोजले जाते त्याचे मनोधैर्य. शत्रूचा घाव बसला की धैर्य खचते, आणि ते पुरते संपले की योद्धा मरत नाही, माघार घेतो. त्यामुळे शाहिराने युद्धभूमीवर गाऊन सोबत्यांना सावरणे हा जादूचा प्रयोग राहत नाही. गाण्याने माणसे उभी राहतात, इतकीच साधी गोष्ट उरते. कादंबरीतील काळे अश्वस्वारही तलवारीपेक्षा भीतीनेच अधिक घात करतात. एका तांत्रिक गरजेतून निघालेली ही युक्ती कित्येक शब्दशः अनुकरणांपेक्षा मूळाच्या अधिक जवळ जाते.

पण सर्वत्र असे साधले नाही. मोरियाच्या खाणी उघडणाऱ्या २००८ च्या विस्तारात ‘रून-कीपर’ हा नवा वर्ग आला: कोरीव अक्षरांच्या शिळा हाती घेऊन शत्रूवर वीज आणि अग्नी सोडणारा. टॉल्किन यांच्या मध्य-पृथ्वीवर पाठवलेले मांत्रिक मोजून पाच. इथे चौकाचौकांत विजा कडाडू लागल्या. जुन्या वाचकांनी कुरकुर केली. समर्थनही झाले, आणि ते अगदीच पोकळ नव्हते, कारण त्या सृष्टीत शब्दाला आणि कोरलेल्या लिपीला सामर्थ्य आहेच. तथापि कादंबरीतील गॅलाड्रिएल ‘जादू’ या शब्दावरच अडखळते. आपली कला आणि शत्रूचे कपट यांना हॉबिट एकच नाव देतात, हे तिला उमगत नाही. तिची ही सूक्ष्म अडखळण त्या लखलखाटात कुठेच ऐकू येत नाही.

या ठिकाणी मराठी वाचकाला कीर्तनाची आठवण होणे स्वाभाविक आहे. कीर्तनकार आख्यानात पदरचे घालतो आणि श्रोते ते आनंदाने स्वीकारतात. मोरोपंतांनी रामकथा पुनःपुन्हा निरनिराळ्या बंधांत मांडली. पण रामकथेला एकच एक धनी नाही. मध्य-पृथ्वीला आहे, आणि तो धनी स्वतः दोन्ही बाजूंना सापडतो. १९५१ च्या एका दीर्घ पत्रात त्याने आपल्या पुराणकथांत पुढच्या चित्रकारांना, संगीतकारांना, नाटककारांना वाव राहावा अशी आपली एकेकाळची उमेद सांगितली, आणि १९५८ साली एका चित्रपटाचा आराखडा हाती येताच त्यावर कडक टीका केली. त्यात कायद्याची आणखी एक गंमत आहे. खेळाचा परवाना ‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ यांपुरता. टॉल्किन यांच्या मृत्यूनंतर १९७७ साली प्रसिद्ध झालेला ‘द सिल्मरिलियन’ त्याबाहेर. म्हणजे जिथे अधिक निष्ठावंत राहण्याची इच्छा असेल, तिथेही हात बांधलेले.

तरीही विजेचे लोळ हा खरा वाद नव्हे. कादंबरीचा कणा सामर्थ्य नाकारण्यात आहे. अंगठी वापरून भले करू असे म्हणणारा प्रत्येकजण तिच्यामुळे बिघडतो. गँडाल्फ ती हाती घ्यायला घाबरतो, तो याच कारणाने. खेळ मात्र सामर्थ्य साठवण्यावरच जगतो. २००७ साली खेळाडूला पन्नासाव्या पायरीपर्यंत चढता येई. २०१७ साली मॉर्डोर खुले झाले तेव्हा ती मर्यादा ११५ वर गेली. रचनाकारांनी अंगठी खेळाडूच्या हाती दिली नाही, हा त्यांचा विवेक. खेळाडू मूळ प्रवाशांच्या शेजारून चालतो, त्यांची वाट मोकळी करतो, मागे राहतो. दुय्यम भूमिका पत्करायला लावणारा हा संकोच मूळ ग्रंथाच्या वृत्तीशी जुळणारा आहे. आणि शायर प्रांतात तर कोणत्याही शस्त्राविना टपाल वाटण्याची, भुकेल्या हॉबिटांची नजर चुकवून पाय पोचवण्याची कामे आहेत. ती क्षुल्लक वाटतात. पण ज्या शांत, खादाड, कोपऱ्यातल्या जगण्यासाठी एवढे मोठे युद्ध झाले, त्याची चव खेळाडूला इथेच लागते.

काळाच्या बाबतीत मात्र तडजोड अटळ ठरली. रिव्हेंडेलहून निघाल्यापासून अंगठी नष्ट होईपर्यंत कादंबरीत तीन महिने लागतात. खेळाला दहा वर्षे लागली. २०१७ साली अंगठी अग्नीत गेली, आणि तरी नवा खेळाडू रिव्हेंडेलला पोचला की प्रवासी अजून निघायचेच असतात. कादंबरीतील फ्रोडो घरी परततो, त्याची जखम भरत नाही, आणि एके दिवशी तो जहाजात बसून कायमचा निघून जातो. अंगठी नष्ट झाली त्याच वर्षी खेळाडूला मात्र मॉर्डोरची वाट दाखवण्यात आली, चढायला नव्या पायऱ्या देऊन.