अडलेला धक्का

मनोरीच्या कोळीवाड्यात एक म्हातारी होती. नवरा गेल्यावर तिनं तुळशीची माळ घातली, मासळी सोडली. चहाही बिनदुधाचा. हात मात्र मासळीतच. लेकाची होडी लागली की वलांडीपाशी ती सगळ्यांच्या आधी हजर. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकायचे, हे तिची बोटं न बघता करत.

काही वर्षांनी तिला धाप लागू लागली. तोंड पांढरंफटक पडलं. तपासणीत हिमोग्लोबिन 7 निघालं. तांबड्या पेशी थोड्या, पण आकारानं मोठ्या. शेजारणीनं सुनेच्या बाळंतपणातून उरलेल्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या आणून दिल्या. दोनेक महिन्यांत आकडा 11 वर गेला. घरात नारळ फुटला.

पण जबडे हुकू लागले. बोटांना बोंबील लागेनाच. पायांना मुंग्या, अंधारात झोक जाई, चप्पल कधी निसटली ते कळेना. रक्त भरलं की आजार गेला, असं घराघरांत धरून चालतात; ह्या समजुतीची किंमत पायांनी मोजावी लागते.

मालवणीच्या डॉक्टरीणबाईंनी घोट्यावर ट्यूनिंग फोर्क टेकवला. "थरथर कळते का, आजी?"

"नाय, कायच नाय."

मग त्यांनी जेवणाखाण्याचं विचारलं, आणि बी-12 ची तपासणी लिहून दिली. ते तळाला गेलेलं होतं.

"पण रक्त तर वाढलं!" सून म्हणाली.

बाई म्हणाल्या, "फोलेट म्हणजे आपली मार्वे-मनोरीची बोट समज. एकेक कार्बनचा उतारू घेते, पलीकडे सोडते, परत येते. स्वतः संपत नाही. त्या उतारूंवाचून नव्या पेशीचा डीएनए होत नाही. पण एका धक्क्यावर उतारू उतरवून घ्यायला बी-12 लागतं. ते नसलं की भरलेल्या बोटी तिथंच अडतात. गोळीनं नव्या रिकाम्या बोटी आणल्या, म्हणून रक्त वाढलं. धक्का अडलेलाच राहिला, आणि नसांना तर बी-12 च हवं."

मग त्यांनी परळची गोष्ट सांगितली. 1928 साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर तिथल्या हाफकिन संस्थेत आल्या. मुंबईतल्या गरीब गरोदर बायकांना असाच मोठ्या पेशींचा पंडुरोग होई. 1931 मध्ये विल्स यांनी दाखवलं, की यीस्टच्या स्वस्त अर्कानं, मार्माइटनं, त्या बऱ्या होतात. घातक पंडुरोगावर, म्हणजे बी-12 च्या उणिवेवर, चालणारा शुद्ध केलेला यकृताचा अर्क त्यांना लागू पडत नाही, हे पुढं कळलं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही रक्तं सारखीच, उणीव वेगळी. मार्माइटमधला तो गुणकारी घटक म्हणजे फोलेट. 1945 मध्ये अमेरिकेत लेडर्ली कंपनीत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं फोलिक ॲसिड प्रयोगशाळेत बनवलं. विल्सबाईंच्या बायकांना जे तारून गेलं, तेच ह्या म्हातारीचं दुखणं झाकत होतं.

सुईतलं औषध लालभडक होतं. म्हातारीनं हात मागं घेतला. "ह्यान म्हावरा नाय ना, बाय? माळेला बाट नको."

"नाही. हे जिवाणूंकडून करून घेतात. माळ राहू दे, आजी. सुया मात्र चुकवायच्या नाहीत."

काही महिन्यांत बोटांना पुन्हा जबडे लागू लागले. डाव्या पायाचा अंगठा नि बोटं मात्र बधिरच राहिली. तेवढा उशीर झाला होता.

पुढं शेजारणीच्या दिराला धाप लागली, तेव्हा ती तसंच गोळ्यांचं पाकीट घेऊन निघाली होती. म्हातारीनं ते तिच्या हातून काढून घेतलं आणि दिराला सकाळच्या पहिल्या बोटीनं मार्वेला धाडलं, आधी रक्त तपासून घ्यायला.