रुमालात बांधलेली ठेव

पक्षपंधरवड्यात श्राद्ध करणारा माणूस पितरांना नावाने हाक मारतो. बाप, आजा, पणजा अशा तीन पिढ्यांची नावे गोत्रासह उच्चारायची आणि त्यांना अनुक्रमे वसू, रुद्र, आदित्य या रूपांत पाहायचे, असा हा विधी. माणूस विसरतो हे परंपरेने गृहीत धरले आहे. तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावास्या आहे, गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावे. मग नावनिशीसाठी सरकारदरबारी खेटे कशाला घालायचे, असे कोणी विचारील. पण ही सवलत आहे ती जे कळण्यासारखेच उरले नाही त्यासाठी. तालुक्याच्या अभिलेख कक्षात, कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात म्हणजे धूळ बसलेल्या एका रुमालात, आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली बोरूने लिहिलेल्या मोडी ओळीत पणज्याचे नाव शाबूत असेल, वारसाने ते मागितले असेल आणि तरी त्याला पान पाहू दिले जात नसेल, तर त्याला विस्मरण म्हणता येत नाही. पितरांचे ऋण फेडायला लागणारे नाव तिसऱ्याच्याच कडीकुलपात असेल, तर त्या तिसऱ्याचा धर्म काय? आपल्याकडे माहितीच्या अधिकारावर पुष्कळ बोलले जाते, पण या बाजूने हा प्रश्न कोणी मांडत नाही.

याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात ऋणादानाचा विचार झाल्यावर उपनिधीचा विचार येतो. आत काय आहे ते न सांगता बंद पेटीत दुसऱ्याच्या हवाली केलेली वस्तू म्हणजे उपनिधी. ती जशी ठेवली तशी परत करायची. राजाने नेली, दैवाने नष्ट झाली किंवा चोराने पळवली, तर राखणदारावर दोष नाही. मात्र धन्याने मागितली, राखणदाराने दिली नाही आणि त्यानंतर ती नष्ट झाली, तर भरपाईही द्यायची आणि तेवढाच दंडही. स्मृतीत वर्णभेद ठासून भरलेला आहे आणि तो मला मुळीच मान्य नाही. तरीही मागणीनंतर राखणदाराची जबाबदारी वाढते, हा विचार कोणत्याही काळात न्यायाचाच वाटेल. सरकारी दप्तर ही अशीच ठेव आहे असे माझे म्हणणे आहे. कागद सरकारचा, शाई सरकारची, हे खरे. पण त्यावरचे नाव, बापाचे नाव, गाव, जन्माचा दिवस हे सारे लोकांनी सांगितले म्हणून लिहिले गेले; पुष्कळदा तर सांगणे भागच होते म्हणून सांगितले. आज अर्जदाराला जेव्हा ‘अभिलेख आढळून येत नाही’ किंवा ‘अभिलेख जीर्ण असल्याने नक्कल देता येत नाही’ असे एका ओळीचे उत्तर मिळते, तेव्हा तो कागद मागणीच्या आधी गेला की नंतर, हे विचारलेच पाहिजे. आणि इथे राखणदार खुद्द राजाच असल्यामुळे ‘राजाने नेली’ ही सबबही त्याला उरत नाही.

वंशावळ हा पिढीजात वतनदारांचा शौक आहे, असा एक समज आहे. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. ज्यांचे पूर्वज त्र्यंबकेश्वराला किंवा काशीला जाऊ शकले, त्यांची नावे तीर्थोपाध्यांच्या वह्यांत उतरली. ज्यांच्याकडे सनदा होत्या त्यांनी त्या पेटीत जपल्या. ज्यांना देवळाच्या पायरीवरच अडवले जाई, त्यांची नावे कोणत्या उपाध्याने लिहिली असणार? त्यांच्यासाठी गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात, ती किंवा शाळेचे जनरल रजिस्टर एवढाच आधार. त्या वहीत पाटलाच्या घरच्या जन्माखालीच गावकुसाबाहेरच्या घरातला जन्म येतो, दोन्ही एकाच रकान्यांत. विमुक्तांची गोष्ट याहून जिव्हारी लागणारी आहे. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी काही जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, त्यांची नावे नोंदवून घेतली, पुढे सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती केल्या. 1952 साली ही माणसे विमुक्त झाली. आज त्यांच्या नातवंडांना आजोबाचे नाव लिहिलेले कुठे सापडले, तर ते बहुधा त्या हजेरीच्या किंवा पोलिसाच्या नोंदीतच सापडेल. ज्याने बेडी घालण्यासाठी नाव लिहून घेतले, त्याच्याकडेच आजोबाची एकमेव खूण राहिली. ती देण्याला कोणी मेहेरबानी म्हणू नये. मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबांचेही असेच. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जतन केलेल्या नोंदींत गिरमिटियांचे, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांचे, नाव, बापाचे नाव, गाव, अंगावरची खूण असे सारे टिपलेले आहे. मजूर पळाला तर ओळखता यावा म्हणून टिपलेली ती खूण आज पणतवंडांच्या हाती लागलेला गावाकडचा एकच धागा आहे.

राज्य स्वतःच हा पुरावा मागते, तेव्हा अन्याय दुहेरी होतो. जातीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींना 6 सप्टेंबर 1950, विमुक्त व भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 या तारखांपूर्वीचा पुरावा लागतो. पुरावा आण म्हणणारे सरकार आणि पुरावा कपाटात ठेवणारे सरकार एकच. ही रीत जुनी आहे. 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनने इनामदारांना कागद दाखवायला लावले. त्यांचे दावे ज्या पेशवे दप्तराशी ताडून पाहायचे ते पुण्यात सरकारच्याच ताब्यात होते. आपल्या अभ्यासकांनाही तिथे दीर्घकाळ मोकळा प्रवेश नव्हता, गो. स. सरदेसाईंनी संपादलेले निवडक कागदांचे 45 खंड निघायला 1930 चे दशक उजाडले. उलट 2023 साली न्या. संदीप शिंदे समितीच्या कामाच्या वेळी मोडी वाचणारे बसवून कुणबी नोंदींचे रुमाल सोडले गेले, लाखो नोंदी मिळाल्या आणि जिल्ह्याजिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. मराठा आरक्षणाच्या वादात शिरण्याचे इथे कारण नाही. मला त्यातून एवढेच दिसते की मनात आणले तर काही महिन्यांत कपाटे उघडतात. त्यासाठी एवढे मोठे आंदोलन व्हावे लागले, ही मात्र खेदाची गोष्ट आहे. एकट्या पारधी बाईच्या अर्जामागे कोणता मोर्चा येणार?

खासगीपणाचा आक्षेप मी हलका मानत नाही. दत्तक गेलेले मूल, परित्यक्ता, तुरुंगवास, एखादा आजार अशा गोष्टी नोंदींत असतात आणि जिवंत माणसाला त्या बोचू शकतात. पण या पेचातून वाट आपल्याच कायद्यांनी काढून ठेवली आहे. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या 17 व्या कलमानुसार कोणालाही नोंदीचा शोध घेऊन उतारा मागता येतो, फक्त मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण द्यायचे नाही. किती समंजस नियम आहे हा! नाव उघडे, व्यथा झाकलेली. माहिती अधिकार कायद्याच्या 8(3) कलमाने तर काळाची मर्यादाच घातली: 20 वर्षांहून जुन्या घटनेची माहिती, सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार, मंत्रिमंडळाचे कागद असे मोजके अपवाद सोडता, दिलीच पाहिजे. 2023 च्या विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातले वैयक्तिक माहितीचे कलम अधिक कडक केले, आणि कारकुनाच्या हाती नकाराचे एक नवे हत्यार आले, याची मला धास्ती वाटते. जनगणनेत घरोघरी भरलेले तक्ते तर आपल्याकडे कधीच खुले होत नाहीत. अमेरिका ते 72 वर्षांनी आणि ब्रिटन 100 वर्षांनी खुले करते. मेलेल्या माणसाच्या अब्रूची काळजी वाहायचीच, तर तिचा पहिला मान त्याच्या वारसाचा आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो, कारण तो आपल्या संतपरंपरेतून येतो. कुळाचा अभिमान गळून पडावा म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांच्या भूमीत कूळ शोधण्याचा हक्क कशाला हवा? संन्यासी तर स्वतःचे श्राद्ध उरकून नाव-गोत्र सोडतो. वंशावळीतून जातीचा ताठा पोसला जातो, हेही मी नाकारत नाही. पण सोडण्यासाठी आधी ते आपले असावे लागते. संन्याशाला त्याचे गोत्र ठाऊक असते, म्हणून त्याच्या सोडण्याला त्याग म्हणतात. ज्याच्या आजोबाचे नाव कारकुनाने ‘आढळून येत नाही’ म्हणून पुसले, त्याने काय सोडले? शिवाय जुनी नोंदवही वाचणाऱ्याचा ताठा पुष्कळदा उतरतो. एकाच घराण्याची जात दोन पिढ्यांत दोन तऱ्हांनी लिहिलेली आढळते, आडनावे बदलतात. कुळाच्या शुद्धतेची कहाणी कागद बंद असतो तोवरच टिकते.

राहता राहिला खाडाखोडीचा प्रश्न. नव्या शाईने घुसडलेली अक्षरे, दलालांचे दर, हे प्रकार सर्वांना माहीत आहेत. पण खाडाखोड करणाऱ्याला बंद खोलीच सोयीची असते. छायाप्रत एकदा सगळ्यांसमोर आली की पान बदलता येत नाही आणि मूळ कागदाला पुन्हा हात लावण्याची गरजही पडत नाही.

म्हणून ज्यांना आपल्या माणसाची नोंद हवी आहे, त्यांनी अर्जात कलम 8(3) नेमके लिहावे. उत्तर ‘आढळून येत नाही’ असे आले, तर तो रुमाल शेवटचा केव्हा सोडला होता, तो नष्ट झाला असल्यास कोणत्या आदेशाने, हे लेखी मागावे आणि 30 दिवसांच्या आत पहिले अपील करावे. अर्जावरची तारीख जपून ठेवा. त्या दिवसापासून ठेव मागितलेली आहे.