टोळी एकच

इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या टेलला, तात्यांची सात एकर काळी जमीन. वर्षानुवर्षं ऊसच. पाळी आली की पाटाचं पाणी रात्रभर सोडायचं आणि सकाळी मोडायचं, ही घरची रीत. पुढं खालच्या दोन एकरांत पांढरं फुटायला लागलं. ऊस गुडघाभर व्हायचा आणि पिवळा पडायचा. तात्यांचा इलाज ठरलेला : आणखी पाणी, आणखी युरिया. तेवढ्यानं भागेना, तेव्हा नव्या बोअरचा बेत झाला. एक बोअर होतंच. दुसऱ्यासाठी सोसायटीचं कर्ज काढायचं ठरलं.

हे दुखणं तात्यांचं एकट्याचं नव्हे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर १९१० सालीच पुस्तिका लिहिली होती. तरी प्रत्येक पिढीला ते आपल्या शेतात नव्यानं सापडतं.

तात्यांची पुतणी बारामतीला सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. दिवाळीला घरी आली, तेव्हा तात्यांनी तिला बोअरची जागा दाखवली.

“तात्या, मीठ वाढलं की या मातीतले जिवाणू काय करतात, माहितीये?”

“त्यांना काय सोसायटीचं कर्ज हाय व्हय?”

“कर्ज नाही, पण पोटातलं पाणी मीठ ओढून घेतं. मग काही मिनिटांत ते बाहेरचं पोटॅशियम आत घेतात, पाणी धरून ठेवायला. तेही फार काळ चालत नाही. मग प्रोलिनसारखी द्रव्यं आत साठवतात. बीटेन नावाचं असंच एक द्रव्य मेलेल्या मुळ्यांतून मातीत येतं. ते आयतं मिळालं, तर आधी तेच उचलतात.”

“शहाणे हायेत.”

“खरी गंमत पुढं आहे. बॅसिलस नावाच्या जिवाणूत चार हजारांवर जनुकं असतात. ती वाचणारं यंत्र म्हणजे आरएनए पॉलिमरेज. समजा, ही ऊसतोडीची टोळी. कुठल्या फडात शिरायचं, ते टोळी ठरवत नाही, मुकादम ठरवतो. तसा जिवाणूत सिग्मा नावाचा घटक असतो. एरवीचा सिग्मा वाढीच्या जनुकांकडं नेतो. ताण आला की सिग्मा-बी पुढं येतो आणि टोळीतली माणसं दीडशेहून जास्त वेगळ्या जनुकांकडं वळवतो.”

“म्हंजे टोळी वाढत नाय?”

“नाही ना! तीच टोळी. माणसं इकडं आली की तिकडची तोड मंदावते.”

“आन् हा दुसरा मुकादम कायमचाच ठेवला तर?”

“वाढच खुंटते. म्हणून एरवी एक प्रथिन त्याला धरून ठेवतं. ताण आल्यावरच सोडतं.”

“त्यानंबी भागलं नाय तर?”

“खायलाच उरलं नाही, तर बीजाणू करतात. पण त्यात आईपेशी मरते, म्हणून ते अगदी शेवटी. ते टाळायला आधी आपल्याच भावांना फोडून खातात.”

“ते आपल्याकडंबी चालतंय,” तात्या बांधाकडं बघत म्हणाले. मग बराच वेळ तंबाखू मळत बसले. “आमचा मुकादम जन्मभर एकच,” एवढंच बोलले.

बारामतीजवळ माळेगाव खुर्दच्या खडकाळ माळावर २००९ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. दुष्काळ, उष्णता, क्षार यांचाच तिथं अभ्यास चालतो. तात्या मात्र आधी गेले ते माती आणि पाणी तपासायला. पहिल्या बोअरचं पाणीच खारट निघालं. खालची दोन एकरं नुसती खारवट नव्हती, चोपण झाली होती. नुसतं मीठ असतं, तर चर आणि गोडं पाणी पुरलं असतं. सोडियम मातीला चिकटला होता, म्हणून जिप्समही लागलं.

नवं बोअर रद्द झालं. कर्ज काढलंच नाही. गाठीला होते तेवढ्या पैशांत चर खणले, जिप्सम टाकलं, पावसाळ्यात धैंचा पेरून फुलायच्या आधी गाडला. त्या दोन एकरांतला ऊस बंद. कारखान्याला टनेज कमी गेलं, म्हणून थोरला मुलगा वर्षभर धुसफुसत होता. त्याचंही चुकलं म्हणता येणार नाही; घर उसावरच चालत होतं.

दुकानात जिवाणू खताच्या बाटल्या मिळतात. त्या निरुपयोगी नाहीत, पण पाण्याचा निचरा केल्याशिवाय ओतल्या तर पैसे वाया, असं माझं स्पष्ट मत आहे.

तात्यांच्या त्या तुकड्यात आता गहू येतो, वरच्या रानापेक्षा कमी. ऊस अजून लावलेला नाही. तुमच्या शेतात पांढरं फुटत असेल, तर पीक निघाल्यावर, खत टाकायच्या आधी मातीचा नमुना घ्या. फुटलेल्या जागेची माती चांगल्या जागेच्या मातीत मिसळू नका. दोन पिशव्या वेगळ्या द्या. आणि बोअरच्या पाण्याची बाटलीही सोबत न्या.