नावडते गुलाब

प्यारिसच्या दक्षिणेस लाय नांवाचें एक खेडें होतें. ‘बाँ मार्शे’ या प्रसिद्ध दुकानाच्या व्यवहारांत द्रव्य मिळवून ज्यूल ग्राव्हरो नांवाचे गृहस्थ निवृत्त झाले व तेथें राहूं लागले. त्यांना गुलाबांचा नाद लागला. १८९९ सालीं एदुआर आंद्रे या उद्यानकारांनीं त्यांना केवळ गुलाबांचीच बाग आंखून दिली. १९१४ पासून तर गांवाचें नांवच ‘लाय-ले-रोझ’ झालें.

येथवर ही श्रीमंताच्या हौसेची कथा. अशा हौसेचें आम्हांस फारसें कौतुक नाहीं. परंतु ग्राव्हरोंनीं उत्तमोत्तम तेवढे गुलाब निवडले नाहींत. सांपडतील तितके सर्व जमविले. वर्षांतून एकदांच फुलणारे जुने गुलाबही त्यांत होते. १८६७ सालीं ‘ला फ्रान्स’ निघाला आणि पुढें वारंवार फुलणाऱ्या नव्या वर्गाकडे लोकांचा ओढा वाढत गेला. जुन्यांची गत नावडतीच्या मिठासारखी झाली.

जें कोणासच नको, तें जपण्याचें कर्तव्य कोणाचें? वाचक म्हणतील, न लावणें म्हणजे कांहीं मारणें नव्हे. रानांतल्या झाडापुरतें हें खरें. पण बागेंतल्या गुलाबाचें बीं रुजविलें तर रोप येतें, तोच गुलाब येत नाहीं. त्याचा डोळा दुसऱ्या खुंटावर बांधावा लागतो, अथवा फांदी तरी लावावी लागते. या हातांतून त्या हातांत, एवढीच त्याची वंशपरंपरा. ज्याला माणसानेंच असें परावलंबी केलें, त्याच्याकडे पाठ फिरवून ‘आम्हीं कांहींच केलें नाहीं’ असें म्हणतां येईल काय? आम्हांस तरी तें म्हणवत नाहीं.

त्याला कारण आहे. आमच्या अंगणांत एक गावठी गुलाब होता. फुलें लहान, पाकळ्या दुसऱ्या दिवशीं गळावयाच्या. पण वासानें ओटी भरून जाई, आणि मातोश्री त्यांचाच गुलकंद घालीत. मोठ्या तांबड्या फुलांच्या कलमासाठीं आम्हीं तो उपटला. मातोश्री रागावल्या नाहींत; ‘आतां देवाला काय वाहूं?’ एवढेंच त्यांनीं विचारलें. कलमाचीं फुलें दिसावयास भारी होतीं, पण त्यांना वास नव्हता.

पुढें मातोश्री गेल्यावर त्या गुलाबाची एखादी फांदी मिळावी म्हणून आम्हीं आळींतलीं अंगणें पालथीं घातलीं. सर्वांनींच आमच्यासारखीं कलमें लावलीं होतीं. अखेर एका रोपवाटिकेंत वर्णन करून सांगितलें, तेव्हां माळी हंसून म्हणाला, “होता साहेब आमच्याकडे. पण असला गुलाब आतां मागतो कोण?”