सुखरूप परतणे

गेल्या आषाढातील एका रविवारची गोष्ट. तीन दिवसांच्या झडीनंतर पहाटे उघडीप मिळाली, आणि भाईंदरच्या केबिन रोडवरील आम्ही सहा शेजारी पहिली लोकल धरून कर्जतकडील एका डोंगरावर गेलो. अर्ध्या चढावर एक आडवी पायवाट लागली. तिच्या वरच्या उतारावर मातीस ताजी भेग पडली होती. एरवी नितळ वाहणारा झरा गढूळ झाला होता. मंडळीतील सर्वांत धाकट्याने विचारले, "दादा, परत फिरायचे का?" आमच्यातील वडीलधारे दादा हसून म्हणाले, "अरे, वीस वर्षे या वाटेने येतो आहे मी." आम्हीही हसलो, पुढे गेलो, आणि सायंकाळी सुखरूप घरी आलो.

परंतु सुखरूप आलो एवढ्यावरून आमचा निर्णय योग्य होता, असे ठरते काय?

व्यवहारात आपण फळावरून कर्माची परीक्षा करितो, आणि पुष्कळ ठिकाणी ते चालतेही. आमटी खारट झाली तर जीभ तत्काळ सांगते, आणि दुसऱ्या दिवशी हात आखडतो. डोंगराचा उतार मात्र असा गुरू नव्हे. तो चुकीच्या उत्तरास शंभर वेळा बरोबर म्हणतो, आणि एकशेएकाव्या वेळी शिष्यासच उरू देत नाही. ज्यास आपण वीस वर्षांचा अनुभव म्हणून मान देतो, ती कित्येकदा वीस वर्षांच्या सुदैवाची जमाखर्चवही असते.

हिमालयासारख्या बर्फाळ मुलखात हे अधिक स्पष्ट दिसते. नवी हिमवृष्टी झाली की पायांस स्की बांधून कोऱ्या उतारांवरून घसरत जाण्याचा मोह अनावर होतो. आणि हिमलोटाचे भयही त्याच वेळी फार असते. जुन्या ठिसूळ थरावर नव्या बर्फाचा भार पडलेला असतो, आणि 30 ते 45 अंशांच्या उतारावर तो एका माणसाच्या वजनानेही सुटू शकतो. लोटात सापडणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत तो त्यांनी किंवा त्यांच्या सोबत्यांनीच सोडविलेला असतो. म्हणून जाणते लोक खड्डा खणून थर पाहतात, आणि संशय आला तर माघारी फिरतात.

आमच्या सह्याद्रीत बर्फाचे काम पाणी करिते. पाऊस थांबतो, परंतु मुरलेले पाणी मातीस आतून जड आणि सैल करीतच असते; तेव्हा उघडीप म्हणजे अभय नव्हे. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले, आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गाडली गेली. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत त्या वाडीचे नाव नव्हते. यादीचे मौन आणि डोंगराचे मौन यांस आपण अभयवचन समजतो, हीच आपली चूक होय.

'केबिन' म्हटले की आम्हांस रेल्वेची सिग्नलची केबिन आठवते. जुन्या सिग्नलची रचना अशी असे की, ओढणारी तार तुटली तर त्याचा हात आपोआप धोक्याच्या खुणेवर यावा. जेथे खात्री नाही तेथे यंत्राने 'थांबा' म्हणावे, हे रेल्वेने ठरविले. माणसाचे मन मात्र याच्या उलट घडलेले आहे. तार तुटली तरी ते 'चला' असेच दाखविते.

कोणी म्हणेल, असे भीत बसल्यास डोंगर चढावयाचेच नाहीत काय? अवश्य चढावेत. परंतु पाच मित्रांच्या हसण्यापुढे 'परत फिरू' म्हणावयास लागणारे धैर्य कड्यावर लागणाऱ्या धैर्याहून उणे नाही. शिवाय आपला जीव केवळ आपला नसतो. इर्शाळवाडीच्या बचावकार्यासाठी डोंगर चढत असता नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी हृदयविकाराने वाटेतच गेला. त्या वाडीच्या रहिवाशांचे घरच तेथे होते; त्यांस निवड कोठे होती? आम्ही तेथे हौसेने जातो. ज्यास निवड आहे, त्याची जबाबदारी अधिक.

यंदा आम्ही घरून निघतानाच एक नियम केला: एकाची शंका म्हणजे सर्वांचे परतणे. त्याप्रमाणे एकदा अर्ध्या वाटेवरून आम्ही फिरलो, आणि पहिले पाऊल मागे टाकिले ते दादांनी. तो उतार त्या दिवशी कोसळला नाही. गाडीत कोणी तरी म्हणाले, "उगाच फिरलो." यावर तो धाकटा म्हणाला, "गेल्या वर्षी उगाच गेलो होतो." दादा खिडकीबाहेर पाहत राहिले, परंतु या वेळी कोणी हसले नाही.